नर्सिंगला ॲडमिशन झालं, आता पहिला स्टेथो कुठला घ्यायचा?

ॲडमिशनची यादी लागली की हा प्रश्न हमखास येतो, ताई स्टेथो (म्हणजे स्टेथोस्कोप) कुठला घेऊ? जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या मुली विचारतात, बीएस्सी नर्सिंगवाले विचारतात, आणि कुणाचे वडील तर थेट दुकानातूनच फोन लावतात की इथं साडेतीनशेचा पण आहे अन् नऊ हजाराचा पण आहे, दिसायला दोन्ही सारखेच, मग घेऊ कुठला. मी वॉर्डात काम करते, आमच्याकडे पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना रोज बघते, त्यामुळे कंपनीच्या बॉक्सवर काय छापलंय ते बाजूला ठेवून पहिल्या वर्षाच्या मुलीला त्या स्टेथोतून खरंच काय ऐकू येतं, यावरूनच सांगणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. एकच ट्यूब असलेला, दोन्ही बाजूंनी ऐकता येणारा, मोठ्या माणसांसाठीचा साधा स्टेथो घ्या आणि तो तुमच्या कानात नीट बसतो ना एवढं मात्र स्वतः घालून बघा. कानात गच्च न बसणारा दहा हजाराचा स्टेथो आणि कानात छान बसणारा आठशेचा स्टेथो यात पहिल्या वर्षी आठशेचाच जिंकतो, कारण आवाज बाहेर गळला की तो कितीही भारी चेस्टपीसमधून (छातीवर ठेवायच्या गोल तुकड्यातून) आलेला असो, कानापर्यंत पोचतच नाही.

आधी कॉलेजला विचारा, मग पाकीट काढा

बऱ्याच कॉलेजांत फीमध्येच किट धरलेलं असतं. त्यात युनिफॉर्म, कापडी पिशवी, थर्मामीटर, कात्री, टॉर्च, मेजरिंग टेप आणि कधीकधी स्टेथो आणि बीपी ॲपरेटस पण असतं. म्हणजे घरच्यांनी हौसेनं आधीच घेऊन ठेवला आणि वर कॉलेजनं पण दिला असं होऊ शकतं. काही ठिकाणी रंगाचा पण नियम असतो, फक्त काळा नाहीतर नेव्ही ब्लू चालतो, गुलाबी किंवा इंद्रधनुष्यी ट्यूब चालत नाही. त्यामुळे ऑफिसमध्ये किंवा एखाद्या सिनियरला एवढं विचारा: किटमध्ये स्टेथो येतो का, रंगाचं काही बंधन आहे का, आणि क्लिनिकल पोस्टिंग कधी सुरू होते. पोस्टिंग सुरू व्हायला दोन-तीन महिने असतील तर घाई करायची काहीच गरज नाही, नर्सिंग फाउंडेशन या विषयाच्या प्रॅक्टिकलला लॅबमधले स्टेथो असतात, ते दोन-चार हाताळून बघा, आपल्या कानाला काय सोसतं ते आपोआप कळतं.

किटमध्ये आलेला स्टेथो चांगला असेल तर दुसरा घेऊच नका. पहिलं वर्ष त्याच्यावर आरामात निघतं.

तुम्हाला तो लागणार कशाला

हे नीट समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. डॉक्टर, त्यातही हार्टचे डॉक्टर, मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा सूं-सूं आवाज) ऐकतात, व्हॉल्व्हचे बारीक आवाज ओळखतात, त्यांना कार्डिओलॉजी मॉडेल लागतं. नर्सिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी तुमचं काम वेगळं असतं.

सगळ्यात जास्त वापर बीपीला. सकाळच्या राउंडच्या आधी अख्ख्या वॉर्डाचे व्हायटल्स (ताप, नाडी, श्वास, बीपी) घ्यायचे असतात, त्यात पल्स आणि श्वास मोजायला घड्याळ पुरतं पण बीपीला स्टेथो लागतोच. डिजिटल मशीन असतं हो, पण कॉलेजच्या परीक्षेत हातानं घ्यायला लावतात, आणि पेशंटची नाडी अनियमित असेल किंवा बीपी खूप खाली असेल तेव्हा मशीन एरर दाखवतं नाहीतर काहीतरीच आकडा देतं, तिथं हातानं घेतलेलं बीपीच कामाला येतं. कफची, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याची हवा सोडताना जे ठक ठक आवाज येतात ते निकोलाय कोरोटकॉफ नावाच्या रशियन सर्जननं १९०५ मध्ये पहिल्यांदा मांडले, म्हणून त्यांना कोरोटकॉफ साउंड्स म्हणतात. पहिला ठक ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज पूर्ण बंद झाला तो खालचा. हे आवाज मुळात हलक्या, जाड सुराचे असतात आणि आजूबाजूला पंखा, नातेवाईकांची बडबड, ट्रॉलीचा खडखडाट चालू असतो. म्हणून मी कानात बसण्यावर इतका जोर देते.

दुसरा वापर एपिकल पल्सचा, म्हणजे छातीवर ऐकून मोजायच्या हृदयाच्या ठोक्यांचा. छातीच्या डाव्या बाजूला, कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली या, पाचव्या बरगडीच्या खालच्या फटीत चेस्टपीस ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध द्यायच्या आधी हे करावंच लागतं, मोठ्या माणसात ६० च्या खाली आला तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. हा प्रश्न तोंडी परीक्षेत पण ठरलेला आहे.

मग फुफ्फुसं. दोन्ही बाजूला हवा सारखी जातेय का, शिट्टीसारखा आवाज येतोय का, तळाशी बारीक चरचर येतेय का. नेब्युलायझेशनच्या (मास्कमधून औषधाची वाफ देण्याच्या) आधी आणि नंतर ऐकलंत तर फरक स्वतःच्या कानानं कळतो आणि मग पुस्तकातलं व्हीझ आणि क्रॅकल्स कायमचं डोक्यात बसतं. पोटाचे आवाज पण ऐकायचे असतात, सीझरनंतर किंवा अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर आतडी परत हलायला लागली का ते बघायला, चारही भागांवर ठेवून.

रायल्स ट्यूबबद्दल, म्हणजे नाकातून पोटात घालतात त्या नळीबद्दल इथंच सांगते. सिरिंजनं थोडी हवा ढकलायची आणि पोटावर स्टेथो ठेवून आवाज आला की नळी पोटात आहे असं समजायचं, ही पद्धत अजून बऱ्याच वॉर्डांत दिसते. नुसत्या त्या आवाजावर फीड सुरू करायचं नाही. नळी अन्ननलिकेत अडकलेली असली किंवा श्वासनलिकेत गेलेली असली तरी तसाच आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (तो किती आम्ल आहे ते) आणि शंका असेल तिथं एक्स-रे, यावरच भरवसा ठेवा. कितीही महागडा स्टेथो असला तरी हे काम त्याचं नाही.

मिडवाइफरीच्या पोस्टिंगला बाळाचे ठोके ऐकायला फीटोस्कोप वेगळा असतो, तो कर्णा, लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा, एक तोंड आईच्या पोटावर आणि दुसरं आपल्या कानाला. तो तुम्हाला विकत घ्यायची गरज नसते, लेबर रूममध्ये असतो. पण तो हातात घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा, सगळे स्टेथो त्याच घराण्यातले. रने लॅनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८१६ मध्ये पॅरिसमध्ये एका बाईच्या छातीला थेट कान लावणं बरं दिसेना म्हणून कागदाची सुरळी करून ऐकलं आणि मग लाकडी नळी बनवली. दोन्ही कानांचा स्टेथो नंतर, १८५० च्या सुमारास आला. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या मध्ये असले तर नॉर्मल धरतात, आणि ते मोजताना आईची नाडी मनगटावर धरायची, नाहीतर आईचेच ठोके मोजून मोकळे होतो.

आता वस्तू बघू, कानाकडून सुरुवात करू

कानात जातात त्या ईअरटिप्स. कडक प्लास्टिकच्या असतात आणि मऊ सिलिकॉनच्या असतात. मऊच घ्या, कडक टिप्सनी दहा पेशंटचं बीपी घेतल्यावर कान दुखायला लागतात आणि मग मुली घाईघाईत आकडा लिहून मोकळ्या होतात. मऊ टिप्स कानाची भोकं नीट बंद करतात. मोठी-छोटी अशी दोन मापं बॉक्समध्ये आली तर दोन्ही लावून बघा, बऱ्याच मुलींच्या कानाची भोकं लहान असतात आणि कंपनीनं आधीच लावून दिलेली मोठी टिप आत जातच नाही, नुसती कानाच्या तोंडाशी टेकून राहते.

टिप्सच्या खालच्या धातूच्या दांड्या थोड्या पुढं वळलेल्या असतात. घालताना त्या नाकाच्या दिशेनं पाहिजेत, कारण कानाची नळी पण पुढच्या बाजूला जाते. उलटा घातला तर आवाज निम्मा होतो, आणि पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग उलटा घालतो. पकड सैल वाटली तर दांड्या हलक्या हातानं आत दाबा, घट्ट वाटली तर जिथं दांड्या ट्यूबला मिळतात तिथं धरून हळूहळू फाकवा. झटका द्यायचा नाही, आतली स्प्रिंग जाते.

ट्यूब. एकच जाड ट्यूब असलेला घ्या. दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी खाली येतात असा एक प्रकार असतो, त्याला स्प्रेग रॅपापोर्ट म्हणतात, स्वस्त मिळतो आणि बॉक्समध्ये चार-पाच जादा तुकडे येतात म्हणून घरच्यांना फार आवडतो. पण त्या दोन नळ्या एकमेकींवर घासतात आणि तो घासण्याचा आवाज कानात येतो, नवख्याला तो छातीतून येतोय असंच वाटतं. ट्यूबची भिंत जाड पाहिजे, बोटांनी दाबून बघा, पिचकारीच्या नळीसारखी पचकन दबली तर नको. लांबी साधारण २७-२८ इंच असते ती चांगली, कॉटवरच्या पेशंटवर फार वाकावं लागत नाही. लांब ट्यूबमुळे आवाज कमी येतो असं काहीजण सांगतात, पण आपल्या कामात तो फरक जाणवण्याइतका नसतो, आणि कंबर मात्र वाचते.

आता चेस्टपीस. मोठी सपाट बाजू म्हणजे डायाफ्राम, तिच्यातून वरच्या सुराचे आवाज चांगले येतात, श्वास, पोट, हृदयाचा नेहमीचा लब-डब. दुसरी छोटी वाटीसारखी बाजू म्हणजे बेल, तिच्यातून जाड, हलके आवाज येतात आणि ती कातडीवर अगदी अलगद ठेवायची असते, दाबली की खालची कातडी ताणून तिचाच डायाफ्राम होतो आणि जाड आवाज गायब होतात. काही कंपन्यांच्या डायाफ्राममध्येच दोन्ही कामं होतात, हलका ठेवला तर जाड सूर, दाबला तर वरचा सूर, त्याला ट्युनेबल म्हणतात. सोयीचं आहे, पण नसलं तरी अडत नाही.

वजनाचा विचार जरूर करा. आठ तास गळ्यात किंवा खिशात बाळगायचाय. ॲल्युमिनियमचा हलका असतो, स्टीलचा जड असतो पण टिकतो. चेस्टपीसच्या कडेला रबरी किंवा प्लास्टिकची रिंग पाहिजे, तिच्यामुळे पेशंटला थंड लागत नाही आणि कातडीवर हवा न जाता बसतो. लहान मुलांचा वेगळा, छोट्या तोंडाचा स्टेथो पहिल्या वर्षी घ्यायचा नाही, पीडियाट्रिक वॉर्ड आणि एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये) त्यांचा स्वतःचा असतो, आणि चांगलंच आहे ते, कारण बाहेरचा स्टेथो तिथं नेऊच नये.

पैसे किती घालायचे

इथं मोकळेपणानं लिहिते, कारण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या घरातल्या असतात, शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या असतात, आणि शेजारच्या बेंचवरच्या मुलीकडे लिटमन हा महागडा ब्रँड दिसला की यांना आपला खिशातून बाहेर काढायची लाज वाटते. वाटून घेऊ नका. किमती दुकानागणिक आणि सेलगणिक बदलतात, पण अंदाज असा.

तीनशे-चारशेच्या आतले सहसा टाळा. त्यांत कडक टिप्स, पातळ ट्यूब आणि सैल बसणारा चेस्टपीस असतो, एका सेमिस्टरमध्ये ट्यूब सांध्यातून निसटायला लागते.

साधारण पाचशे ते दीड हजार, ही आपली जागा. डॉ. मोरपेन, मायक्रोटोन, डायमंड असे स्टेथो सर्जिकलच्या दुकानात सहज मिळतात. यांतला जाड ट्यूबचा, मऊ टिप्सचा मॉडेल निवडला तर बीपी, एपिकल, एअर एंट्री (फुफ्फुसात हवा जाण्याचा आवाज), पोट सगळं व्यवस्थित ऐकू येतं. शिवाय जादा टिप्स आणि डायाफ्राम त्याच दुकानात मिळतात. पहिल्या वर्षाला मी बहुतेकांना हेच सांगते.

बजेट असेल तर लिटमन. त्यातला लाइटवेट टू सगळ्यात हलका, साधारण १२० ग्रॅमचा, चेस्टपीस चपटा आणि थेंबाच्या आकाराचा, बीपीला फार सोयीचा, क्लासिकच्या मानानं बराच स्वस्त. क्लासिक थ्री साधारण १५० ग्रॅमचा, स्टीलचा, दोन्ही बाजू ट्युनेबल, छोट्या बाजूचा डायाफ्राम काढून रबरी रिंग लावली की साधी बेल होते, आणि पाच वर्षांची वॉरंटी. साताठ हजारांच्या वर जातो. कोर्स पूर्ण करून आयसीयूमध्ये जायचं ज्यांचं पक्कं आहे आणि घरी पैशाची ओढाताण नाही, त्यांनी खुशाल घ्यावा, अख्खा कोर्स आणि पुढची नोकरीची पहिली काही वर्षं निघतात. लाइटवेटची वॉरंटी दोनच वर्षांची आहे, हे घेताना लक्षात असू द्या.

कार्डिओलॉजी फोर मात्र आत्ता नकोच. क्लासिकच्या दुपटीच्या आसपास किंमत, वजनाला जड, आणि तो इतकं सगळं ऐकवतो की नवख्या कानाला त्यातलं नेमकं काय ऐकायचं हेच कळत नाही, केस घासल्याचा, कपडा सरकल्याचा, पेशंटनं आवंढा गिळल्याचा आवाज सगळं एकदम. कान तयार झाल्यावर तो घ्यायचा. शिवाय वॉर्डात स्टेथो हरवतात. कुणी चोरलाच असं नाही, राउंडच्या गडबडीत कुणीतरी एक मिनिट द्या म्हणून नेतो आणि तो चार वॉर्ड फिरून कुठंतरी स्थिरावतो. वीस हजाराची वस्तू अशी गेली तर घरी सांगायचं काय?

कुणाला ऐकायला कमी येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आवाज वाढवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथो मिळतात, महाग असतात, पण त्या मुलासाठी किंवा मुलीसाठी ती चैन नाही, गरज आहे. लपवू नका, ट्यूटर मॅडमना पहिल्याच महिन्यात सांगा आणि ऐकण्याची तपासणी करून मगच घ्या.

दुकानात तपासायचा कसा

जमेल तिथं दुकानात जाऊनच घ्या. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलची दुकानं लागून लागून आहेत, आणि इतर शहरांत मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या आजूबाजूला शोधा, पुण्यात ससूनच्या, संभाजीनगरला घाटीच्या, नागपूरला मेडिकलच्या परिसरात. दुकानदाराला स्पष्ट सांगा की घालून बघणार आहे. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

ईअरटिप्स आधी स्पिरिटच्या कापसानं पुसून घ्या, मग दांड्या पुढं ठेवून कानात घाला. घातल्या घातल्या दुकानातला गोंगाट एकदम दबला पाहिजे, पंख्याची घरघर लांब गेल्यासारखी वाटली पाहिजे. तसं झालं नाही तर टिप बदलून बघा, तरी नाही झालं तर तो स्टेथो तुमचा नाही, मग कंपनी कुठलीही असो.

मग डायाफ्रामवर बोटाच्या टोकानं अगदी हळू टकटक करा. आवाज यायला पाहिजे, चांगला मोठा. काहीच आलं नाही तर खराब आहे म्हणून परत देऊ नका, आधी चेस्टपीस दांडीवर गोल फिरवा, क्लिक करून अर्धा वळसा फिरतो. दोन बाजूंच्या स्टेथोत एका वेळी एकच बाजू चालू असते. वॉर्डात पण नव्या मुली, मॅडम माझा स्टेथो बंद पडला, म्हणून येतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा चेस्टपीस फिरलेला असतो, बाकी काही नसतं. फिरवताना क्लिक स्पष्ट लागला पाहिजे, आपोआप फिरत असेल तर ड्युटीत रोज वैताग देईल.

त्यानंतर चेस्टपीस स्वतःच्या छातीवर, डाव्या बाजूला ठेवा आणि श्वास क्षणभर रोखा. लब-डब दोन्ही वेगवेगळे कळले पाहिजेत. पातळ कपड्यावरून ऐकलं तरी दुकानात चालेल, हात हलवू नका म्हणजे झालं. मग एका हातानं ट्यूब हलकेच चोळा, थोडा आवाज येणारच पण कानठळ्या बसल्यासारखं होत असेल तर दुसरा बघा. बरोबर आई, भाऊ, मैत्रीण कुणी असेल तर त्यांच्या दंडाला कफ लावून, कोपराच्या आतल्या बाजूला चेस्टपीस ठेवून बीपी घेऊन बघा, बहुतेक दुकानांत ॲपरेटस पडलेलं असतं. खरी परीक्षा तीच.

शेवटी डायाफ्रामला तडा नाही ना, कडेची रिंग पूर्ण बसलेली आहे ना, ट्यूबच्या सांध्याला भेग नाही ना हे उजेडात बघा आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटी बिलावरच मिळते.

ऑनलाइन घेताना, विशेषतः लिटमन

लिटमनचे डुप्लिकेट बाजारात भरपूर आहेत, आणि दिसायला इतके हुबेहूब असतात की फोटोवरून कळत नाही. नऊ हजाराची वस्तू दीड-दोन हजाराला मिळतेय म्हटल्यावर समजून जा. खऱ्या क्लासिक थ्रीवर सिरियल नंबर कोरलेला असतो, बॉक्सवर आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, एमआरपी आणि आयातीचा महिना छापलेला असतो. यातलं एक जरी नसलं तरी परत करा. विकणारा अधिकृत आहे का ते वस्तूच्या पानावर विक्रेत्याचं नाव दाबून बघा, नुसती ॲपवर आहे म्हणून खरी धरू नका. आणखी एक, हा ब्रँड आधी थ्रीएमचा होता, २०२४ मध्ये थ्रीएमनं आपला हेल्थकेअरचा धंदा वेगळा करून सॉल्व्हेंटम नावाची कंपनी केली, त्यामुळे आता बॉक्सवर सॉल्व्हेंटम दिसलं तर घाबरू नका, तेवढ्यावरून तो नकली ठरत नाही.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. आणि आल्या दिवशीच वर सांगितलं तसं टकटक, लब-डब, कानात बसणं सगळं तपासा, परत करायची मुदत संपेपर्यंत बॉक्स कपाटात तसाच ठेवू नका.

सिनियरचा जुना घ्यायचा असेल तर चालतो, चांगला पर्याय आहे. फक्त टिप्स आणि डायाफ्राम नवे टाका, आणि ट्यूब वाकवून बघा. कडक झालेली, वाकवल्यावर पांढरट रेषा दिसणारी ट्यूब असेल तर फुकट मिळाला तरी नको.

घेतल्यावर कान तयार करायचे

पोस्टिंगची वाट बघत बसू नका. हॉस्टेलवर रूममेटचं ऐका, घरी गेलात की आजीचं ऐका. आधी शांत खोलीत, मग पंखा लावून, मग टीव्ही चालू ठेवून. वॉर्ड काही शांत नसतो.

बीपी घेताना कफ बांधायच्या आधी कोपराच्या आत बोटांनी नाडी शोधा आणि चेस्टपीस नेमका तिथंच ठेवा. मनगटावर नाडी धरून कफ फुगवा, नाडी लागेनाशी झाली त्या आकड्याच्या आणखी ३० वर न्या, आणि मग सेकंदाला २ ते ३ आकडे उतरतील इतकी हळू हवा सोडा. भसकन हवा सोडली तर जगातला कुठलाही स्टेथो तो पहिला ठक पकडून देणार नाही. चेस्टपीस कफच्या आत खुपसायचा नाही, सगळे करतात म्हणून करू नका, कफ त्याला दाबतो, आवाजात गडबड होते आणि आकडा चुकू शकतो.

बाहीचं बघा. आपल्याकडे बायकांच्या ब्लाउजची बाही घट्ट असते, ती वर सारली की दंडाला करकचून आवळते आणि आकडा चुकतो. तेव्हा मावशी, बाही काढावी लागेल, पडदा लावते, असं सांगून पडदा ओढून एक हात बाहेर काढून घ्यायचा. शर्टावरून, स्वेटरवरून, पदरावरून ऐकायचं नाही. आणि चेस्टपीस आधी तळहातावर चोळून कोमट करा, विशेषतः हिवाळ्यात पहाटेच्या राउंडला. गार धातू एकदम छातीला लावला की म्हातारी माणसं दचकतात, श्वास रोखून धरतात आणि मग आपण एअर एंट्री कमी आहे असं लिहून बसतो. छातीवर केस जास्त असतील तर चरचर ऐकू येते ती फुफ्फुसातली नसते, केस थोडे ओले करून परत ऐका, गेली तर केसांचीच होती.

ऐकू आलं नाही तर तसं सांगा. मॅडम, मला खालचा आकडा मिळाला नाही, हे वाक्य वॉर्डात कुणीही वाईट मानत नाही, अंदाजानं लिहिलेला आकडा मात्र पेशंटला महागात पडतो, त्यावर डॉक्टर गोळी वाढवतात किंवा बंद करतात.

निगा

प्रत्येक पेशंटनंतर डायाफ्राम आणि त्याची कड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपनं पुसा. आपण हात धुतो पण हा तसाच एका पेशंटवरून दुसऱ्यावर फिरवतो, त्यामुळे जखमांच्या वॉर्डात आणि टीबीच्या पेशंटनंतर तर विसरूच नका. आयसोलेशनमध्ये पेशंटचा वेगळा ठेवलेला असतो, तोच वापरा. अख्खा स्टेथो पाण्यात किंवा कुठल्याही द्रवात बुडवायचा नाही, ऑटोक्लेव्हला (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालायचा नाही. टिप्स काढून साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, मग परत घट्ट बसवा. सैल टिप कानात राहू शकते, म्हणून रोज एकदा ओढून बघत जा. आणि दुसऱ्यानं वापरायला मागितला तर परत आल्यावर टिप्स पुसल्याशिवाय कानात घालू नका, कानाची इन्फेक्शनं अशीच फिरतात.

ट्यूबचे शत्रू दोन, कातडीचं तेल आणि ऊन. उघड्या मानेवर रोज अडकवला की घाम आणि तेल लागून ट्यूब कडक होते, कॉलरवरून घाला किंवा खिशात ठेवा. स्कूटीच्या डिकीत तर ठेवूच नका, एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात डिकी किती तापते ते सांगायला नको. पिशवीत ठेवताना घट्ट गुंडाळून कोंबू नका, घडी पडलेल्या जागीच पुढं भेग जाते. ट्यूबवर पेननं नाव लिहिलंत तर शाई आत मुरते, निघत नाही, त्यापेक्षा दांडीला नावाचा टॅग लावा आणि त्यावर वर्ग आणि कॉलेजचं नाव टाका, मोबाईल नंबर नको.

टिप्स साधारण वर्षभरात सैल आणि खरखरीत होतात, डायाफ्रामला कधीतरी चीर जाते. या दोन्ही वस्तू स्वस्त आहेत, पण त्याच मॉडेलच्या घ्या, दुसऱ्या कंपनीच्या बहुतेक वेळा बसत नाहीत. स्टेथो घेतानाच एक जादा जोडी टिप्स आणि एक डायाफ्राम मागून घ्या आणि छोट्या डबीत घालून पोस्टिंगच्या पिशवीत टाका, कारण टिप पडते ती नेमकी सकाळी सातच्या ड्युटीला, आणि त्या वेळी सर्जिकलचं एकही दुकान उघडलेलं नसतं.